साळवेंनी देव झाकले

गुणवंत साळवे दिल्लीत येऊन चाळीस वर्षं झाली, पण त्यांचा वैताग अजून अस्सल नगरी राहिला आहे. दिल्लीवाला चिडला की आवाज चढवतो. गुणवंतराव चिडले की अर्ज लिहितात. विषय, संदर्भ, महोदय, आणि मग क्रमांक घालून तक्रारी. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून ते निवृत्त झाले त्याला आठ वर्षं झाली. टेबल गेलं, शिपाई गेला, अर्जाची सवय तेवढी घरी आली. सुनंदाबाईंनी सकाळच्या चहात आलं घालणं बंद केलं तेव्हा फ्रिजवर चुंबकाखाली एक कागद लागला होता म्हणतात. खरंखोटं सुनंदाबाईंना ठाऊक. विचारलं की त्या नुसत्या हसतात, आणि त्या हसल्या की समजायचं, खरं आहे.

अशा माणसाच्या गळ्यात देवाने, म्हणजे त्यांच्या देवाने, एका मंडळीचं चिटणीसपद घालावं ही थट्टाच झाली. मंडळी म्हणजे दिल्लीतल्या मराठी ख्रिस्ती लोकांची. नगर, जालना, सोलापूर इकडून सरकारी नोकरीत आलेली प्रोटेस्टंट कुटुंबं. एके काळी लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरांत पेटी-तबल्यासकट यांची उपासना चालायची आणि शेजारचे बंगाली बाबू गाणी ऐकायला दारात उभे राहायचे. मग कोणाच्या बदल्या झाल्या, कोणी निवृत्त होऊन गावी गेलं, मुलं इंग्रजी चर्चला जाऊ लागली. उरली एकोणीस डोकी. त्यातली चार यूपीएससीवाली, आणि ती उपासनेनंतरच्या जेवणासाठी येतात हे सगळ्यांना माहीत होतं. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी उपासना. बावीस वर्षं चिटणीस गुणवंतराव, कारण बावीस वर्षांत दुसऱ्या कोणी हात वर केला नव्हता. ही उपासना आपल्या हातून बंद पडू नये, एवढी एकच गोष्ट त्यांना या वयात हवी होती.

आणि ती चालायची तर अण्णासाहेब हवेत. अण्णासाहेब हिवाळे, वय चौऱ्याऐंशी, रेल्वेतून निवृत्त, लक्ष्मीबाई नगरला मुलाच्या सरकारी फ्लॅटमध्ये राहतात. दीडदोनशे जुनी मराठी पदं त्यांना तोंडपाठ. पुस्तकात शब्द आहेत, पण चाली अण्णासाहेबांच्या गळ्यात. ते नसले तर एकोणीस माणसं एकोणीस सुरांत गातात, आणि त्यातला सगळ्यात वाईट सूर चिटणिसांचा असतो.

जानेवारीत जागा गेली. ज्या इंग्रजी चर्चने मागची खोली दिली होती त्यांना ती मुलांच्या वर्गासाठी हवी झाली. गुणवंतरावांनी तीन अर्ज केले. तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं, त्यात फक्त आशीर्वाद होते.

मग वाट दाखवली चंद्रप्रभाताईंनी. या गुणवंतरावांच्याच सोसायटीत, द्वारकेला, समोरच्या टॉवरमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात. मूळच्या सांगलीच्या. त्यांच्या बाल्कनीतून गेट, लिफ्टचा दरवाजा आणि भाजीवाल्याची गाडी अशी तिन्ही ठिकाणं दिसतात, आणि त्या नजरेचा त्यांनी कधी अपव्यय केलेला नाही. त्या म्हणाल्या, सोसायटीचा हॉल रविवारी दुपारी रिकामा असतो, रहिवाशाला नुसत्या चिठ्ठीवर मिळतो. गुणवंतरावांनी चिठ्ठीऐवजी दोन पानी अर्ज दिला. सोसायटीचे सेक्रेटरी खुराना यांनी तो न वाचता सही केली. पहिल्या पानावरच.

हॉल उत्तम होता. दोनच गोष्टी होत्या. एका बाजूला पिंगपाँगचं टेबल, आणि समोरची अख्खी भिंत देवांची. संगमरवरी कोनाड्यात शेरावाली माता, डावीकडे राधाकृष्ण, उजवीकडे साईबाबा, खाली गणपती, आणि टोकाला ज्यांच्या देणगीतून हे झालं त्या कोणा गुप्ताजींच्या कैलासवासी वडिलांचा हार घातलेला फोटो. सगळ्यांवर एकेक छोटा दिवा, आणि दिव्यांचं बटण कोणालाही सापडत नव्हतं.

फेब्रुवारीतल्या तिसऱ्या रविवारी, हॉलमधल्या पहिल्या उपासनेला, अण्णासाहेब मुलाच्या गाडीतून उतरले, काठी टेकत दारापर्यंत आले, आत पाहिलं आणि तिथेच थांबले. मग वळले आणि लॉबीत गार्डच्या खुर्चीवर जाऊन बसले.

"दहा आज्ञांतली दुसरी कोणती, गुणवंत?" त्यांनी विचारलं.

गुणवंतरावांना अर्थातच माहीत होती. मूर्ती करू नये, मूर्तीपुढे वाकू नये. पण आपण वाकणार आहोत कुठे, आपण गाणार आहोत, असं ते म्हणाले. अण्णासाहेब म्हणाले की बसल्यावर तोंड कुठे असणार? झालं. लॉबीतच सभा भरली. कोणी म्हणालं, मनात नसलं म्हणजे झालं. कोणी म्हणालं, मग चर्चमध्ये क्रूस असतो ते काय? दुसऱ्याने सांगितलं की आपला क्रूस रिकामा असतो, त्यावर आकृती नसते, म्हणून तो चालतो. तनया नावाची जालन्याची मुलगी, राजेंद्रनगरला राहून यूपीएससी करणारी, तिने हळूच सुचवलं की खुर्च्या फिरवून उलट्या भिंतीकडे तोंड करूया. खुर्च्या फिरल्या. तेवढ्यात चंद्रप्रभाताई पाण्याची बाटली द्यायच्या निमित्ताने डोकावल्या आणि म्हणाल्या, "अहो भावजी, देवाकडे पाठ करून बसलात? तुमचा नसेल, पण आमचा आहे ना."

बोलणं बरोबर होतं. आता समोर तोंड करायचं नाही, पाठ करायची नाही, उरल्या दोन बाजू. एका बाजूला पिंगपाँगचं टेबल, दुसऱ्या बाजूला 'पुरुष' लिहिलेलं दार. मंडळी पिंगपाँगकडे तोंड करून बसली. अण्णासाहेब लॉबीतून हलले नाहीत. गाणी कोणालाच धरता आली नाहीत, दहा मिनिटांत उपासना आटोपली आणि यूपीएससीवाल्यांनी तासभर जेवण केलं.

त्या रात्री गुणवंतराव इतके चिडले होते की अर्ज कोणाला लिहावा हेच त्यांना सुचेना.

पुढचे तीन-चार आठवडे फोनवर वाद चालला. मूर्तीबद्दल मत नाही असा एकही सभासद निघाला नाही. सोलापूरच्या एका गृहस्थांनी तर चाळीस मिनिटांचं व्हॉइस नोट पाठवलं, पाच तुकड्यांत. पण सतरंज्या कोण आणणार, पेटी कोण उचलणार, यावर कोणाचंच मत नव्हतं. सुनंदाबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "एवढा त्रास होतोय तर झाका की त्यांना. पाहुणे आले की मी सिंकमधली भांडी झाकते तशी."

गुणवंतरावांना उपमा आवडली नाही, उपाय आवडला. अण्णासाहेबांना विचारलं, ते म्हणाले, झाकलं तर येईन. खुरानांना विचारलं, ते क्षणभर गुणवंतरावांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ढक लीजिए साळवे जी। बस चादर साफ हो, और शाम को हटा दीजिएगा।" इतकं सोपं? गुणवंतरावांना संशय आला, पण सरकारी माणूस मिळालेल्या मंजुरीला कारण विचारत नाही.

मार्चच्या तिसऱ्या रविवारच्या आधी, गुरुवारी सकाळी, सुनंदाबाई नोएडाला मुलीकडे गेल्या. नातू आजारी होता. त्यांचा गुडघा धरला होता, म्हणून जावयाने हाताला धरून, जवळजवळ उचलूनच त्यांना गाडीत बसवलं. चंद्रप्रभाताई बाल्कनीत होत्या. शुक्रवारी लिफ्टमध्ये त्यांना गुणवंतराव दिसले: दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले, हातात दुधाची पिशवी. माणूस दोन दिवस स्वतःच्या हातचं खात होता, दुसरं काही नव्हतं. पण चंद्रप्रभाताईंनी ते चित्र जपून ठेवलं.

रविवारी दीड वाजता गुणवंतराव गार्डला घेऊन हॉलमध्ये गेले. अख्खी भिंत झाकेल एवढं कापड घरात एकच होतं, सुनंदाबाईंच्या लग्नातल्या चार पांढऱ्या डबलबेडच्या चादरी. कडक इस्त्रीच्या. त्या त्यांनी पिना लावून वरपासून खालपर्यंत सोडल्या. माता, राधाकृष्ण, साईबाबा, गणपती, गुप्ताजींचे वडील, सगळे आत. सोसायटीच्या खुर्च्या लॉनवरच्या कोणाच्या तरी मुंडनाला गेल्या होत्या, म्हणून टेन्टवाल्याकडून गाद्या मागवल्या. त्याने त्यावर आपल्याकडच्या चादरी अंथरल्या. पांढऱ्या. म्हाताऱ्यांसाठी भिंतीला लागून सहा प्लास्टिकच्या खुर्च्या. वेळ तीन ते चार.

आता ज्याने दिल्लीत चार वर्षं काढली आहेत त्याला पुढचं सांगायला नको. ज्याने नाही काढली त्याला सांगतो. या शहरात माणूस गेलं की चौथ्या दिवशी, दुपारी तीन ते चार, हॉलमध्ये पांढऱ्या चादरी अंथरून लोक बसतात. त्याला चौथा म्हणतात, कोणी उठाला म्हणतात. मंद आवाजात भजन असतं, भिंतीला लागून म्हाताऱ्यांच्या खुर्च्या असतात, लोक येतात, हात जोडतात, अर्धा तास बसतात आणि जातात. यात एकच गोष्ट दिल्लीकरांना नवी होती, ती म्हणजे झाकलेले देव. त्याचा खुलासा चंद्रप्रभाताईंनी बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर करून टाकला: आमच्या महाराष्ट्रात सुतक असलं की देव झाकून ठेवतात. साळवे ख्रिश्चन आहेत खरे, पण शेवटी मराठीच. आणि गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. चार.

गुणवंतरावांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांचा फोन पेटीच्या खोक्यावर सायलेंट होता.

तीनला अण्णासाहेब आले. दारात थांबले, पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं, मान हलवली आणि आत येऊन खुर्चीवर बसले. गुणवंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही कोणीतरी पाहिलं. अण्णासाहेबांनी डोळे मिटून एक जुनं, संथ पद धरलं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी आवाजाला कंप आहे, आणि त्या कंपामुळे ते पद आणखी आत जाऊन लागलं.

सव्वातीनला दारातून पहिलं जोडपं आलं. मग तीन बायका, पांढऱ्या ओढण्या घेतलेल्या. मग पुरुष, डोक्यावर रुमाल टाकलेले. कोणी बोलत नव्हतं. येत होते, हात जोडत होते, गादीवर बसत होते. सव्वीस, चाळीस, साठ. गुणवंतरावांनी आधी दचकून पाहिलं, मग त्यांचा ऊर भरून आला. बावीस वर्षं ते मराठी ख्रिस्ती लोकांना फोन करकरून बोलावत होते आणि इथे न बोलावता पंजाबी, हरयाणवी, मल्याळी, सगळी सोसायटी शिस्तीत येऊन बसली होती. अण्णासाहेबांनी एक डोळा उघडला, गर्दी पाहिली, आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मूर्ती झाकल्या, लोक आले. बघितलंस?"

बघितलं होतं. गुणवंतरावांनी ठरवलं की प्रवचन मराठीत नको, हिंदीत करावं. त्यांची हिंदी मंत्रालयातली. 'उपरोक्त विषय के संदर्भ में' छापाची. पण त्या दिवशी ती सुरेख निघाली. विषय त्यांनी आधीच काढून ठेवला होता: जे डोळ्यांना दिसत नाही त्याच्यावर भरवसा ठेवावा. "जो हमें दिखाई नहीं देता," ते म्हणाले, "वह गया नहीं है। वह यहीं है, हमारे बीच।" पुढच्या रांगेत एक बाई हुंदका देऊन रडली. गुणवंतरावांना वाटलं, शब्द लागला. त्यांनी आवाज आणखी मृदू केला. मिसेस खुरानांच्या बहिणीने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "भाई साहब, हिम्मत रखिए।" हिंमत ठेवायचं वचन त्यांनी भर सभेत दिलं. दहा मिनिटांचं प्रवचन पंचवीस मिनिटं झाली तरी चालूच होतं. मागे तनयाला काहीतरी वेगळंच चाललंय असं वाटत होतं, पण सर इतके खूश होते की तिला मध्ये बोलवेना.

चारला दहा कमी असताना मिसेस खुराना आल्या. त्यांच्या हातात मार्केटमधून तासाभरात करून आणलेली मोठी फ्रेम होती. फ्रेममध्ये सुनंदाबाई. लोहडीच्या कार्यक्रमातला फोटो, तोंडात रेवडी, हसू अर्धवट. फोटोला निशिगंधाचा हार. मिसेस खुरानांनी ती फ्रेम हलक्या हाताने पेटीशेजारच्या स्टुलावर, बरोब्बर गुणवंतरावांच्या पुढ्यात ठेवली, वाकून नमस्कार केला आणि डोळे टिपत बसल्या. मागोमाग लोक उठून एकेक फूल वाहू लागले.

गुणवंतराव 'इसलिए' म्हणून थांबले होते. तो 'इसलिए' अजून तिथेच आहे.

अण्णासाहेबांनी दोन्ही डोळे उघडले. "गुणवंत, हे काय आहे?"

"हिचा फोटो आहे," गुणवंतराव म्हणाले.

"दिसतंय मला. त्याला हार का?"

उत्तर दारातून आलं. सुनंदाबाई नोएडाहून टॅक्सीने थेट हॉलवर आल्या होत्या, एका हातात काठी, दुसऱ्या हातात मुलीने दिलेला चिवड्याचा डबा. साठ लोक वळले. एक बाई 'हे राम' म्हणून खालीच बसली, मिसेस खुरानांचा चेहरा चादरीसारखा झाला. सुनंदाबाईंनी सगळीकडे पाहिलं, चादरी ओळखल्या, मग स्टुलावर स्वतःला पाहिलं. जवळ गेल्या, चष्मा वर केला.

"दुसरा नव्हता का फोटो?" त्या पुढेच बसलेल्या चंद्रप्रभाताईंना म्हणाल्या. "यात मी खातेय."

पुरुष मंडळी आधी निघाली, बूट हातातच घेऊन. बायका राहिल्या, कारण आता खरी गोष्ट इथे होती. चंद्रप्रभाताईंनी सुनंदाबाईंना मिठी मारली आणि तुम्हाला शंभर वर्षं आयुष्य आहे, असं दहा वेळा सांगितलं. स्वतःची चूक म्हणून एकदाही नाही. चिवडा वाटला गेला आणि संपला. गुणवंतराव मात्र पेटीमागे उभे होते. साठ माणसं आली आणि गेली, आणि त्यातलं एकही उपासनेला आलं नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी खुराना घरी आले. सोसायटीत कोणी रागावलेलं नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. पण लेडीज म्हणतात अपशकुन झाला. जित्या बाईचा चौथा, तोही झाकलेल्या मातेसमोर. कमिटीने ठरवलंय, हॉल हवा तेव्हा घ्या, देव मात्र यापुढे झाकायचे नाहीत. गुणवंतराव क्रमांक एक म्हणून काहीतरी सुरू करणार होते, तेवढ्यात खुरानांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली आणि खुर्ची पुढे ओढली.

"मेरे पिताजी पक्के आर्यसमाजी थे," ते म्हणाले. "घर में एक तस्वीर नहीं थी। हवन होता था, बस। वो दीवार बनी तो मैं अकेला खिलाफ था। घर में ही हार गया।" आपण चादरीला हो का म्हणालो, ते गुणवंतरावांना आता कळलं असेल, असं म्हणून त्यांनी चहा संपवला. जाताना विनंती केली की हे मिसेसला सांगू नका. आमच्या माहितीप्रमाणे गुणवंतरावांनी सांगितलं नाही. सुनंदाबाई दाराआड होत्या, त्यामुळे सोसायटीत सगळ्यांना कळलं ते वेगळ्या वाटेने.

फ्रेमचा प्रश्न राहिला. टाकून देणं बरं दिसेना. सुनंदाबाईंनी हार काढला आणि ती बैठकीच्या खोलीत लावली. काच चांगली आहे म्हणाल्या.

अण्णासाहेबांना फोनवर सांगण्यात अर्थ नव्हता. शनिवारी गुणवंतराव मेट्रोने निघाले, राजीव चौकात गाडी बदलली, आयएनएला उतरले आणि लक्ष्मीबाई नगरला पोचले. अण्णासाहेबांच्या खोलीत एक पलंग, एक खुर्ची, पुस्तकांचं एक फडताळ. चार भिंतींवर कॅलेंडरसुद्धा नाही. पत्नी जाऊन अकरा वर्षं झाली, तिचाही फोटो कुठे नाही.

गुणवंतरावांनी सगळं मुद्द्यांत मांडलं. जागा ही एकच आहे. देव उघडे राहणार. दुसरा हॉल शोधायला दुसरी वीस वर्षं लागतील आणि तेवढी आपल्या दोघांकडे मिळूनही नाहीत. तुम्ही डोळे मिटूनच गाता, तर तिथे मिटा.

अण्णासाहेबांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग त्यांनी आपल्या आज्याचं सांगितलं. नेवाश्याकडच्या एका खेड्यात त्याने घरातले देवांचे टाक एका सकाळी उचलून गोदावरीत सोडले. त्याच्या आईने मरेपर्यंत त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. गावाने विहिरीचं पाणी तोडलं. दोन पोरं त्या उन्हाळ्यात गेली. "त्याने एवढं करून जे सोडलं," ते म्हणाले, "त्याच्यासमोर मी जागा मिळत नाही म्हणून बसू?"

"तुमच्या आज्याने गावाला सोडलं नाही, अण्णा. तिथेच राहिला. तुम्ही मंडळीला सोडताय."

"मी नाही सोडत. तू जागा बदललीस."

"आणि परवा लोक रडले ते? चांगली माणसं आहेत ती."

"माणसं चांगलीच असतात," अण्णासाहेब म्हणाले. "बाई जिवंत, नोएडाहून निघालेली, आणि साठ माणसं एका कागदाला फुलं वाहतायत. ती आज्ञा उगाच नाही, गुणवंत. माणसाला कागद पुढे ठेवला की माणूस कागदालाच धरून बसतो."

गुणवंतराव तडकले. चाळीस वर्षांत ते अण्णासाहेबांवर आवाज चढवून बोलले नव्हते, त्या दिवशी दिल्लीवाल्यासारखे बोलले. "कागदासाठी नाही रडले ते. माझ्यासाठी रडले. मी एकटा पडलो असं वाटलं त्यांना. तुम्हाला वाटलं का कधी?"

बाहेरच्या खोलीत अण्णासाहेबांच्या मुलाने टीव्हीचा आवाज कमी केला. अण्णासाहेबांचा चेहरा पडला. गुणवंतरावांना लगेच वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा आणखी राग आला. त्यांनी शेवटचा उपाय बाहेर काढला: खिशातला फोन. तुम्ही येऊ नका, इथे बसून पदं गा, मी रेकॉर्ड करतो. हॉलमध्ये तुमचा आवाज लावू, मंडळी मागून म्हणेल. चाली राहतील.

अण्णासाहेबांनी फोनकडे अशा नजरेने पाहिलं की गुणवंतरावांना उत्तर आधीच कळलं.

"म्हणजे मी नसताना माझा आवाज स्टुलावर ठेवायचा, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे तोंड करून बसायचं."

"अण्णा, तो आवाज आहे. मूर्ती नाही."

"काय फरक आहे ते सांग."

सेक्शन ऑफिसर माणूस, पण ही फाईल त्यांच्याकडे कधी आली नव्हती. त्यांनी फोन खिशात घातला आणि जायला उठले.

"बस," अण्णासाहेब म्हणाले. "चाली हव्यात ना? मग शीक. दर शनिवारी ये. माणसाकडून माणसाकडे जाऊ दे, जसं माझ्याकडे आलं."

"मी? अण्णा, मला सूर नाही. तुम्हीच तर मला पेटीपासून लांब बसवायचा."

"माहितेय. म्हणून तर म्हणतो, आत्ताच सुरू कर. वेळ लागेल."

अशा रीतीने अडुसष्टाव्या वर्षी गुणवंतरावांना महिन्यात पाच कामं झाली. तिसऱ्या रविवारी द्वारकेला हॉलमध्ये, मातेसमोर, पिंगपाँगकडे अर्धं तोंड करून उपासना. आणि दर शनिवारी दीड तासाची मेट्रो करून गाण्याची शिकवणी. तनयाला पाठवावं, तिचा गळा बरा आहे, असं त्यांनी सुचवून पाहिलं. तिचं मे महिन्यात प्रीलिम होतं. सोलापूरच्या गृहस्थांना विचारलं, त्यांनी शिकण्याचं महत्त्व सांगणारं व्हॉइस नोट पाठवलं. इतर कोणी हात वर केला नाही.

एप्रिलचा तिसरा शनिवार. खोलीत कूलर घरघरत होता. अण्णासाहेब पलंगावर, गुणवंतराव खुर्चीवर ताठ, परीक्षेला बसल्यासारखे. तीन आठवडे झाले होते आणि अजून पहिल्या पदाची दुसरी ओळ चालू होती. पहिली ओळ जमली होती असं नाही, अण्णासाहेबांनी ती नाइलाजाने पुढे ढकलली होती. गुणवंतरावांनी श्वास घेतला आणि ओळ म्हटली. बाहेरच्या खोलीत सून हसू दाबत होती, ते स्पष्ट ऐकू आलं.

"वर जातोस तिथे जाऊ नकोस," अण्णासाहेब म्हणाले. "तो स्वर तिथे नाहीये."

"मग कुठे आहे?"

अण्णासाहेबांनी म्हणून दाखवलं. स्वर होता तिथेच होता, खाली, सोपा, घरातल्या माणसासारखा. गुणवंतरावांना तो नीट ऐकू आला. घशातून मात्र दुसराच निघाला. घामाने सदरा पाठीला चिकटला होता, सातची मेट्रो चुकणार होती, उद्या सतरंज्या त्यांनाच अंथरायच्या होत्या आणि पेटीही त्यांनाच उचलायची होती.

"पुन्हा," अण्णासाहेब म्हणाले.